टिकली जेवत नाहीये : आजारी मांजराची घरातली शुश्रूषा

पावसाळी_देवरुख · रविवार, रात्री ११.२०

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचायला येते. आज झोप लागणार नाही म्हणून लिहितेय.

आमच्याकडे दोन भावंडं होती, टिकली आणि ढब्बू. वय साडेपाच महिने. शेजारच्या भाटीने आमच्या माळ्यावर घातलेली, मग आमचीच झाली. गुरुवारी ढब्बू मलूल झाला आणि शुक्रवारी पहाटे गेला. आम्हाला वाटलं पावसाचे दिवस आहेत, काहीतरी विषारी चावलं असेल. त्याच संध्याकाळी टिकली पिवळा फेस ओकायला लागली तेव्हा पोटात धस्स झालं. इथला सरकारी दवाखाना मुख्यतः गुरांचा. तिथल्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि वेळ न घालवता रत्नागिरीला न्या म्हणाले. तिथे विष्ठेची चाचणी केली, कुत्र्यांच्या पार्व्होसाठी जी पट्टी असते तीच. दोन रेघा. रोगाचं नाव पॅनल्युकोपेनिया. पांढऱ्या पेशी १,८०० वर आलेल्या.

शनिवारी दिवसभर तिला तिथे ठेवून सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक दिलं. रोज या पावसात घाट उतरून न्यायची म्हणजे तिचेच हाल, म्हणून डॉक्टरांनी मला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवून आज घरी पाठवलं. दोन दिवसांनी परत बोलावलंय.

आता माझा प्रश्न. शुक्रवारपासून तिच्या पोटात अन्न नाही. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसते, पण पीत नाही. माझा दीर म्हणतो तोंड उघडून सिरिंजने घाल, नाहीतर उपाशी मरेल. मैत्रीण म्हणते अजिबात जबरदस्ती करू नकोस. डॉक्टर म्हणाले, "उलटी थांबली की थोडं थोडं द्या." पण थांबली हे कधी समजायचं? आणि थोडं म्हणजे किती? ज्यांनी घरी अशी काळजी घेतली आहे त्यांनी कृपया लिहा. ढब्बूसाठी काहीच करता आलं नाही, हिच्यासाठी जे करता येईल ते सगळं करायचंय.

लिंबोणी · रविवार, रात्री ११.४८

आधी ढब्बूबद्दल वाईट वाटलं. तुम्ही चुकला नाहीत. हा आजार इतक्या झपाट्याने नेतो की पुष्कळ लोकांना विषबाधाच वाटते.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूची. मी घाबरून दुसऱ्याच दिवशी तोंडात चिकनचं पातळ भरवत बसले. ती ओकायची, मी पुन्हा भरवायचे. वाचली, पण आज दोन वर्षांनीही उकडलेल्या चिकनचा वास आला की खोली सोडून जाते. मळमळत असताना जे खाल्लं त्याचाच तिला कायमचा राग बसला.

मळमळ ओळखायची खूण : सारखे ओठ चाटणं, लाळ गळणं, वाटी पुढे केली की तोंड फिरवणं, आवंढे गिळणं. यातलं काहीही दिसत असेल तर उलटी झाली नसली तरी मळमळ आहे असं धरा आणि डॉक्टरांना फोन करा.

गिरणगाव · सोमवार, सकाळी ६.१०

मला लिंबोणींचं पूर्ण पटत नाही. आमचा सोन्या सिरिंजमुळेच जगला. त्याला मांजरांचा फ्लू झाला होता. नाक चोंदलेलं, डोळे चिकटलेले. मांजराला वास आला नाही तर ते अन्नाला अन्न समजतच नाही. चार दिवस त्याने काही खाल्लं नसतं आणि आम्ही 'जबरदस्ती नको' म्हणत बसलो असतो तर?

पद्धत सांगतो. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं पंच्यात गुंडाळायचं, पंजे आत. मांडीवर, पण उताणं नाही, पोटावर बसलेलं. मान वर करायची नाही. सुळ्याच्या मागे बाजूला जी फट असते तिथून बिनसुईच्या सिरिंजने एक मिली. गिळलं हे बघायचं, मग पुढचा एक मिली. घाईने घशात सोडलं तर फुप्फुसात जातं. आमच्या बायकोने हे सगळं केलं, मी फक्त पंचा धरायला. तिच्या हाताला जी सवय झाली ती मला नाही जमली.

पशुवैद्यक_शिरवळ · सोमवार, सकाळी ७.३५

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. औषधाचा डोस इथे सांगणार नाही, कुणी सांगितला तरी देऊ नका. बाकीचं लिहितो.

वरचे दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांचे आजार वेगळे होते. फ्लूमध्ये पोट ठीक असतं, नाक बंद असतं. तिथे वास येईल असं गरम अन्न आणि गरज पडली तर सिरिंज. पॅनल्युकोपेनियामध्ये विषाणू आतड्याचं अस्तरच खरवडून काढतो आणि हाडाच्या मगजात शिरून पांढऱ्या पेशी संपवतो. तिथे आधी उलटी आणि मळमळ औषधाने आटोक्यात, मग अन्न. पण 'मग' म्हणजे आठवडाभराने नव्हे. उलटी थांबल्यावर लगेच, अगदी थोडं, कारण आतड्याला भरून यायला त्यातून गेलेलं अन्नच लागतं.

पावसाळीताई, तोंडाने दिलेलं पाणी दोनतीन तास पोटात राहिलं की सुरुवात करता येते. चमचाभर पातळ अन्न, दोन तासांनी पुन्हा. ओकली तर थांबा, डॉक्टरांना कळवा. उलटीचं औषध पुन्हा द्यावं लागतं कधीकधी, त्यात काही चुकलं असं नसतं.

पाण्यावर मान टाकून बसणं हे या आजाराचं अगदी ओळखीचं चित्र आहे. तहान आहे, पण घोट घ्यायची हिंमत नाही. म्हणून सलाईन चुकवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं : अंग गार लागत असेल तर आधी ऊब, नंतर अन्न. गार पडलेल्या मांजराचं आतडं चालत नाही, घातलेलं तसंच पडून राहतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला थेट नको. तिला उठून लांब जाता आलं पाहिजे इतकी जागा ठेवा.

बोकोबा_पुणे · सोमवार, सकाळी ८.०२

तापाबद्दल एक. मांजराचं साधं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. आमच्या आईने १०१.८ बघून रात्री दोन वाजता सगळ्यांना उठवलं होतं. १०३ च्या वर ताप. १०० च्या खाली गेलं तर तापापेक्षा जास्त काळजी करा.

आबा_कराड · सोमवार, सकाळी ९.१५

पोरी, माझं वय एकाहत्तर. आमच्या वाड्यात कायम सातआठ मांजरं. आजारी मांजर बळद, माळा, लाकडाची मोळी असला अंधार शोधून बसतंय. दोन दिवस कुणाला तोंड दाखवत नाही, तिसऱ्या दिवशी शेपूट वर करून चुलीपुढं हजर. त्याला त्याचं त्याचं राहू द्यावं असं माझ्या आईचं म्हणणं होतं. सारखं उचलून तोंडात घालायला लागलात तर जीव अजून घाबरतो. थोडी शांतता द्या.

लिंबोणी · सोमवार, सकाळी ९.४०

आबा, शांततेचं अगदी खरं. पण जी तिसऱ्या दिवशी चुलीपुढे आली ती आपल्या लक्षात राहिली. जी माळ्यावरून आलीच नाहीत त्यांची आपण 'कुठे गेली कोण जाणे' म्हणून समजूत घातली. माझी आजीही असंच म्हणायची.

आबा_कराड · सोमवार, सकाळी १०.०५

हे मात्र मला कधी कुणी बोललं नव्हतं. बरोबर आहे तुझं, बाई. सातआठ होती म्हणतो, पण किती आली आणि किती गेली याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

तरी अंधाराचं सोडू नका. खोकं आडवं करून वर गोधडी टाका, तोंड भिंतीकडं. त्यातच ऊब, त्यातच वाटी.

सुरमई · सोमवार, दुपारी १२.३०

मालवणहून. आमच्याकडे आजारी माजराला खायला लावायचा एकच मंत्र, मासळीचा वास. बांगडा पाण्यात उकडून काटे काढून कुस्करा, वर तेच गरम पाणी. किंवा सुकटीची चिमूट भाजून नाकाखाली धरा. आमची राणी बाळंतपणानंतर अन्न सोडून बसली होती, सुकटीने उठली.

पशुवैद्यक_शिरवळ · सोमवार, दुपारी १.१०

सुरमईताई, उकडलेला बांगडा चालेल, भूक परतू लागली की. सुकटीत मीठ फार असतं. वास द्यायला ठीक, खायला नको. आणि सगळ्यांनाच सांगतो, चिकन उकडताना त्यात कांदा, लसूण, आलं-लसूण पेस्ट काही नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. पाकिटातल्या सूपमध्ये कांद्याची पूड असते, तेही नाही. नुसतं चिकन, नुसतं पाणी.

पावसाळी_देवरुख · सोमवार, दुपारी ३.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रभर पानं उलटत होते.

रात्री दीड वाजता एक उलटी झाली, मग नाही. सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उलटीचं इंजेक्शन आमच्या इथल्या डॉक्टरांकडून देववलं, दोघांचं आपसात बोलणं झालं.

सलाईन मी दिलं. पिशवी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून अंगाइतकी गरम केली, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. मुलाने (वय ९) तिचं डोकं धरलं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी तंबूसारखी उचलून सुई घातली. पहिल्यांदा सुई आरपार गेली आणि सगळं माझ्या मांडीवर. दुसऱ्यांदा जमलं. आता पाठीवर उंटासारखा फुगवटा आला होता, तो घसरून पुढच्या एका पायाकडे आलाय आणि तिचा एकच दंड पहिलवानाचा दिसतोय. हे ठीक आहे ना?

सासूबाई तिच्याजवळून हलत नाहीत. त्यांना वाटतं थोडं दूध तरी द्यावं. मी अडवलंय, पण खात्रीने काय सांगू ते कळत नाही.

पशुवैद्यक_शिरवळ · सोमवार, दुपारी ४.२०

फुगवटा खाली सरकतो, ते ठीक. सहाआठ तासांत जिरायला हवा. जिरला नाही किंवा अंग गार पडलं तर रक्ताभिसरण मंद झालंय असं समजून लगेच डॉक्टर.

दूध नको. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब वाढतील. आतडं सोललेलं असताना तर नाहीच. आजींना सांगा, त्यांच्या हातचं चिकनचं पाणी चालेल.

हिरड्या बघत चला. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. पांढऱ्याफटक, पिवळ्या किंवा निळसर झाल्या, तोंड उघडून धापा टाकू लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.

कासारवाडी · सोमवार, सायंकाळी ६.५०

माझा अनुभव लिहिणं मला जड जातंय, पण कुणाचं तरी मांजर वाचेल म्हणून लिहितो.

आमच्या मन्याला ताप होता. रविवार होता, ओळखीचे डॉक्टर गावाला गेलेले. मी घरातली पॅरासिटामॉलची पाव गोळी पाण्यात विरघळवून पाजली. लहान मुलांना देतात, मग एवढ्याशा तुकड्याने काय होणार, असा विचार. संध्याकाळपर्यंत तोंड आणि पंजे सुजले, हिरड्या चॉकलेटी झाल्या, श्वास लागला. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तोवर उशीर झाला होता. त्यांनी समजावलं की मांजराच्या यकृताला हे औषध मोडताच येत नाही आणि रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत द्यावा लागतो.

पावसाळीताई, दीर, सासूबाई, शेजारी सगळ्यांना सांगून ठेवा. घरातली ताप-अंगदुखीची कुठलीच गोळी नाही. अर्धी नाही, पाव नाही.

गिरणगाव · सोमवार, सायंकाळी ७.२०

दादा, हे लिहिलंत म्हणून मी आत्ता आमच्या इमारतीच्या ग्रुपवर टाकलं. दोघांनी कळवलं की आम्ही देणारच होतो.

न्यूजर्सीकर · सोमवार, रात्री ८.०५

ज्यांची मांजरं गुबगुबीत आहेत त्यांच्यासाठी. आमची बिजली सात किलोची होती. घर बदललं, तिने रागाने खाणं सोडलं. आम्ही म्हटलं, बरंच झालं, जरा उतरेल. पाचव्या दिवशी तिचे कान आतून पिवळे दिसले. जाड मांजर तीनचार दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात येऊन साठते आणि यकृतच बंद पडायला लागतं. मानेतून अन्ननलिकेत नळी बसवली आणि सहा आठवडे मी दिवसातून पाच वेळा पातळ अन्न त्या नळीतून दिलं. नळीने तोंडाशी झगडा होत नाही, मांजर मांडीवर झोपून राहतं. सिरिंजने जे रोज युद्ध व्हायचं ते एका दिवसात संपलं. भारतातही बरेच डॉक्टर बसवतात. जिथे लांबचा पल्ला आहे तिथे घाबरू नका, विचारा.

परळची_पोर · सोमवार, रात्री ९.३०

थोडं अवांतर होतंय, पण धागा वाचून आजोबा आठवले. ते गिरणीत होते. १९८६ च्या सुमाराला आमच्या चाळीतली काळी मांजर जिन्यावरून पडली तेव्हा त्यांनी तिला भाजीच्या पिशवीत घालून, फक्त डोकं बाहेर ठेवून, चालत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. कागदावर त्याचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण गिरणगावात कुणी तसं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. शेजारीच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ चं. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल यांच्या काळातली नावं अजून तोंडात आहेत आणि रांगेत मात्र कुत्री-मांजरं. आजोबा दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला जायचे आणि बसचं तिकीट काढायचे नाहीत, कारण पिशवीतून डोकं दिसलं तर कंडक्टर उतरवेल. परळ ते काळाचौकी चालत, पावसात.

बोकोबा_पुणे · सोमवार, रात्री ९.४४

हे अवांतर नाहीच. शुश्रूषा म्हणजे हेच की. त्या मांजरीचं पुढे?

परळची_पोर · सोमवार, रात्री ९.५०

आणखी नऊ वर्षं जगली. किंचित लंगडायची.

पावसाळी_देवरुख · मंगळवार, पहाटे ४.५५

उलटी नाही. काल रात्री दहापासून दर दोन तासांनी चिकनचं पाणी, आधी दोन मिली, मग तीन, आता पाच. गिरणगावदादा, तुमची सुळ्यामागची फट सापडली. चौथ्या वेळेला तिने सिरिंज स्वतः चाटली. बाराला लाईट गेली, सासूबाईंनी कंदील धरला. कुणीच झोपलं नाही आमच्यात.

तिने मला चावलं मात्र. अंगठ्याला, रक्त आलं. तिची चूक नाही, मी बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलं.

पशुवैद्यक_शिरवळ · मंगळवार, सकाळी ६.००

अंगठा आत्ता नळाखाली धरा. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा. तिला रेबीजची लस झालेली नसेल तर तुम्हाला घ्यावी लागेल. घरातलं मांजर आहे म्हणून टाळू नका. मांजराच्या चाव्याची जखम बारीक पण खोल असते, आतून पिकते. पॅनल्युकोपेनिया माणसाला होत नाही, त्याची भीती नको.

पावसाळी_देवरुख · मंगळवार, सकाळी ११.३०

धुतलं, दाखवलं, लस सुरू केली. दोघांच्या इंजेक्शनच्या तारखा आता एकाच कॅलेंडरवर लिहिल्या आहेत, ज्याच्या खिळ्याला तिची पिशवी टांगते त्याच.

लिंबोणी · मंगळवार, दुपारी १२.१५

ताई, एक सांगू? वजन रोज करा, डोळ्यांवर विसंबू नका. वाण्याकडचा छोटा काटा किंवा स्वयंपाकघरातला काटा, त्यावर टोपली, टोपलीत ती. एकाच वेळेला. माझ्या वहीत अजून ते आकडे आहेत. सगळं संपलं असं वाटत होतं त्या दिवशी वजन वीस ग्रॅमने वाढलं होतं, आणि त्याच्यावर मी तो दिवस काढला.

आणि अंग पुसून द्या. आजारी मांजर स्वतःला चाटत नाही, त्याला ते अंगावर आल्यासारखं होतं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, डोक्यापासून शेपटीकडे. त्यात डेटॉल वगैरे घालू नका, मांजराला ते बाधतं.

कोल्हापुरी_वाघ्या · मंगळवार, दुपारी २.४०

मला एक विचारायचंय. एका मांजरापायी एवढं रत्नागिरी, सलाईन, रात्रीची जागरणं. तेवढ्यात गावातल्या दहा पिल्लांना लस टोचून झाली असती. वाईट वाटून घेऊ नका, मी कळवळ्यानेच लिहितोय. आमच्या गल्लीत मागच्या पावसात चौदा पिल्लं गेली आणि मी एकालाही वाचवू शकलो नाही.

पावसाळी_देवरुख · मंगळवार, रात्री १०.१०

वाघ्यादादा, वाईट वाटलं नाही. चौदा वाचून आवंढा आला. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, ढब्बू आणि टिकलीला मी लस दिली असती तर हा धागाच नसता. मांजरांना लस असते हेच मला ठाऊक नव्हतं. कुत्र्याला देतात एवढं माहीत. पण आता ही माझ्या मांडीवर आहे. हिचं झालं की तुमचं काम.

वजन आज १ किलो ५८०. आजारपणाआधी १ किलो ९०० होतं.

पशुवैद्यक_शिरवळ · मंगळवार, रात्री १०.४०

लसीचं इथेच लिहून ठेवतो, शोधणाऱ्याला सापडेल. पहिली सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीनचार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एका टोचणीत तीन आजार : पॅनल्युकोपेनिया आणि फ्लूचे दोन विषाणू. एकच देऊन थांबू नका. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण लवकर दिलेली लस निकामी करतं, म्हणून शेवटची सर्वांत महत्त्वाची. रेबीजची वेगळी, तीन महिन्यांनंतर.

पावसाळी_देवरुख · बुधवार, सकाळी ७.२०

जेवली!!!

मी न्हाणीत होते. सासूबाईंनी काल रात्रीच्या उकडलेल्या बांगड्याचा तुकडा, सुरमईताई सांगतात तसाच, कोमट करून, कुस्करून स्वतःच्या तळहातावर घेतला आणि खोक्याच्या तोंडाशी नुसता हात ठेवून बसल्या. तोंडाला लावला नाही, बोलावलं नाही. दहा मिनिटं हात तसाच. टिकली आतून आली, हात हुंगला आणि खाल्लं. मग त्यांची बोटंही चाटली. त्या रडत होत्या आणि मला हाकही मारत नव्हत्या, ती दचकेल म्हणून.

सुरमई · बुधवार, सकाळी ७.३१

देवा म्हाराजा!! आज आमच्या राणीला पण बांगडो.

गिरणगाव · बुधवार, सकाळी ७.३३

डोळे भरून आले. आजींना नमस्कार सांगा. सिरिंजपेक्षा तो हात मोठा.

आबा_कराड · बुधवार, सकाळी ८.००

शेपूट वर होती का?

पावसाळी_देवरुख · बुधवार, सकाळी ८.०४

अजून नाही, आबा. आडवी होती. बघते.

पशुवैद्यक_शिरवळ · बुधवार, सकाळी ८.३०

फार छान. आता दोन सूचना. एक, पोटभर देऊ नका. दिवसातून सहासात वेळा, थोडं थोडं. दोन, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. त्यात डॉक्सिसायक्लिनची गोळी असेल तर कोरडी कधीच देऊ नका, मागून पाचसहा मिली पाणी सिरिंजने पाजा. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. पहिले पाच दिवस काढलेली मांजरं बहुतेक तरतात. आज तुमचा सहावा.

पावसाळी_देवरुख · अठरा दिवसांनी, सायंकाळी ५.४०

बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. टिकली बरी आहे. पांढऱ्या पेशी ९,४००. वजन २ किलो ५०. आबा, शेपूट नवव्या दिवशी वर झाली, मुलाने ओरडून सांगितलं.

आज लिहितेय ते वेगळ्या कारणाने. शेजारची भाटी पुन्हा पोटुशी आहे आणि माळ्याच्या जिन्यावर घिरट्या घालतेय. त्याच माळ्यावर ढब्बूचं गोणपाट होतं. ते जाळलं, फरशी फिनाईलने दोनदा पुसली. पुरेसं आहे का? तिला आत्ता लस देता येईल का?

पशुवैद्यक_शिरवळ · सायंकाळी ६.३०

गोणपाट जाळलंत ते उत्तम. फिनाईल थांबवा. त्याने हा विषाणू मरत नाही, उलट पंज्याला लागून चाटलं तर मांजरालाच विषबाधा होते. हा विषाणू फार चिवट आहे, घरात वर्षभरही टिकतो. साध्या कपडे धुण्याच्या द्रव ब्लीचनेच जातो, १ भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात. आधी साबणाने घासून नुसत्या पाण्याने धुवायचं, कारण मळावर ब्लीच चालत नाही आणि मुतावर पडलं तर वाईट वाफ निघते. मग ब्लीचचं पाणी पसरून दहा मिनिटं ओलं राहू द्या. खिडक्या उघड्या, मांजरं बाहेर. फिनाईलबरोबर किंवा ॲसिडबरोबर मिसळू नका. टिकलीचा मातीचा डबा, वाट्या, टोपली सगळं असंच. तिच्या विष्ठेतून विषाणू सहा आठवड्यांपर्यंत बाहेर पडू शकतो, तोवर ती आणि भाटी एका डब्यावर नकोत.

पोटुशी असताना ही लस देत नाहीत. जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो, पिल्लांच्या मेंदूला इजा होऊन ती आयुष्यभर डगमगत चालतात. म्हणून तिला माळ्यापासून लांब ठेवा, दुसरी उबदार जागा तयार करून द्या. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की लस.

कोल्हापुरी_वाघ्या · सायंकाळी ७.०५

पिल्लांच्या लसीचा अर्धा खर्च माझा. हो म्हणा, ताई.

पावसाळी_देवरुख · सायंकाळी ७.२०

हो. आणि मांजरी सात घरं फिरवते म्हणतात पिल्लं, तेव्हा शेजारच्या सहा घरांशीही आज बोलून आले. भाटीसाठी विहिरीकडच्या पडवीत खोकं ठेवलंय, तोंड भिंतीकडे, आबांच्या पद्धतीने.

३२ ला १ हे घरच्या मापात कसं काढू? बादली पंधरा लिटरची आहे.

बोकोबा_पुणे · सायंकाळी ७.२६

पाव लिटरचं भांडं घ्या. एक भांडं ब्लीच, आठ लिटर पाणी. म्हणजे बादली अर्ध्याच्या जरा वर. हातमोजे घाला, तो अंगठा अजून भरायचा असेल.